नादस्नान : एक विचार व एक सूचना

आपल्या जुन्या धर्मग्रंथांत स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत. पाण्यात बुडी मारून करावयाचे ते वारुण स्नान सर्वांच्या परिचयाचे आहे. अंगास मृत्तिका लावणे हे भौम, भस्म लावणे हे आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेणे हे वायव्य, ऊन पडले असता येणाऱ्या पावसात उभे राहणे हे दिव्य, मंत्राने मार्जन करणे हे मांत्र आणि केवळ ईश्वरचिंतनाने घडते ते मानस, अशी बाकीची सहा. रोग्यास, वृद्धास किंवा प्रवाशास पाणी मिळत नसले अथवा सोसत नसले तरी शुद्धीवाचून त्याचे अडू नये, हा या योजनेतील दयाळू हेतू. या सातांच्या पंक्तीस अलीकडे एक आठवे स्नान येऊन बसले आहे. इंग्रजीत त्यास साउंड बाथ म्हणतात. आपण त्यास नादस्नान म्हणू. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून हल्ली त्याविषयी पुष्कळ बोलले जाते. कोणी त्याने झोप लागते म्हणतात, कोणी रक्तदाब उतरतो म्हणतात, तर कोणी हे श्रीमंतांचे नवे खूळ म्हणून हसण्यावारी नेतात. तेव्हा त्यात तथ्य किती व आपल्या घरास त्याचा उपयोग कोणता, याचा थोडा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेख.

हा प्रकार असा : वीस-पंचवीस माणसे एका प्रशस्त खोलीत सतरंज्यांवर उताणी पडतात. अंगावर शाल, डोळ्यांवर मऊ पट्टी. वादक काशाच्या लहानमोठ्या वाट्या, स्फटिकाची शुभ्र पात्रे, पूर्वी पहारेकरी वेळ सांगण्यासाठी बडवीत त्या तासासारखा एक भला मोठा थाळा आणि बारीक नळ्यांचा एक घोस, अशी साधने क्रमाने वाजवितो. त्यात राग नाही, ताल नाही, शब्द नाही. एक स्वर उठतो, पसरतो, विरू लागतो. तो पुरता विरण्यापूर्वी दुसरा उठतो. पाऊण तास किंवा तासभर हे चालते. शेवटची काही मिनिटे काहीच वाजवीत नाहीत. मग मंडळी सावकाश उठून बसतात व घरोघर जातात. ऐकणाऱ्याकडे काम एकच, आणि ते म्हणजे काहीही न करणे.

वाटी आली कोठून, आणि गाते कशी

या वाट्यांस 'तिबेटी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि त्यांच्यामागे सहस्रावधी वर्षांची गुप्त परंपरा असल्याचे विक्रेते सांगतात. वस्तुस्थिती इतकी भव्य नाही. तिबेटातील विहारांत घंटा, झांजा, कर्णे व शंख यांचा वापर विपुल आहे; परंतु माणसास निजवून त्याच्याभोवती वाट्या वाजविण्याची रीत तेथील जुन्या परंपरेत असल्याचे अभ्यासकांस आढळलेले नाही. नेपाळ व हिमालयाच्या परिसरात काशाची भांडी ठोकून घडविण्याचा उद्योग मात्र जुना आहे, आणि अशा वाट्यांचा मूळ उपयोग बहुधा अन्नधान्य ठेवण्याकडेच होता. पाश्चात्त्य देशांत या वाट्यांचा नाद लोकप्रिय झाला तो मुख्यतः हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या 'तिबेटन बेल्स' या 1972 च्या ध्वनिमुद्रिकेनंतर. स्फटिकपात्रे तर त्याहूनही अर्वाचीन. संगणकाच्या चकत्यांसाठी लागणारे सिलिकॉन ज्या मुशींत वितळवितात, त्याच जातीची ती आहेत. तात्पर्य, हे स्नान पुरातन नव्हे. पण तेवढ्यावरून ते टाकाऊही ठरत नाही. जुन्यानव्याचा निवाडा वयावरून न करता पारखून करावा, हा विवेक कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या आरंभीच शिकविला आहे.

आता वाटी गाते कशी ते पाहू. कासे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. घंटेसाठी वापरतात त्या कांशात शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील असते. हा धातू कठीण व ठिसूळ असतो. आघात होताच तो थरथरतो आणि ती थरथर लवकर गिळून टाकीत नाही. म्हणून पितळेच्या पातेल्यावर पळी आपटली तर क्षणात आवाज संपतो, पण काशाची वाटी बराच वेळ घुमत राहते. शिवाय हाताने ठोकलेल्या वाटीची कड तंतोतंत गोल व सारख्या जाडीची नसते. त्यामुळे एकाच आघातातून अगदी जवळजवळचे दोन स्वर निघतात. समजा, एकाची कंपने सेकंदास 200 व दुसऱ्याची 203 आहेत. तर ती दोन्ही मिळून कानास सेकंदास तीन वेळा वाढणारा व उतरणारा एकच नाद ऐकू येतो. पदार्थविज्ञानात यास विस्पंद म्हणतात. वाटीचा नाद 'श्वास घेतो' असे जे भासते, त्याचे कारण हेच.

या अनुभवासाठी हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या तंबोऱ्याच्या चार तारा जुळल्या आणि जवारी उघडली, म्हणजे खोलीत जो स्वरांचा मंडप उभा राहतो, तो कोणत्याही वाटीहून उणा नाही. घोडीच्या रुंद पृष्ठावर तार अलगद टेकत असल्यामुळे तिच्यातून असंख्य उपस्वर कसे उमटतात, याचे संशोधन सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केले होते. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून मिरजेच्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

प्रयोग काय सांगतात

नादाने माणसास बरे वाटते, हे सांगावयास प्रयोगशाळा नको. परंतु 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, ते मोजण्यास प्रयोग हवेत.

अमेरिकेत सॅन दिएगो येथील संशोधकांनी 62 माणसांस वाट्यांचे नादस्नान घडवून त्याच्या आधी व नंतर त्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतली. तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ताण, राग, थकवा व उदासपणा हे चारही लक्षणीय रीतीने कमी झालेले आढळले आणि ज्यांनी पूर्वी हा प्रकार कधी अनुभवला नव्हता, त्यांचा ताण अधिक उतरला. हे ऐकून समाधान वाटते. पण येथे एक शंका घेतली पाहिजे. या मंडळींच्या तुलनेसाठी, वाट्यांवाचून नुसतीच तासभर निजलेली अशी दुसरी तुकडी त्या अभ्यासात नव्हती. तेव्हा गुण नादाचा की निजण्याचा, हे त्यावरून ठरत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने अधिक काटेकोर होता. त्यात 51 जणांस एकदा बारा मिनिटे वाटीचा नाद ऐकवून आणि एकदा बारा मिनिटे स्तब्ध ठेवून, दोन्ही वेळा पुढे सारखीच विश्रांती दिली. विश्रांती दोन्ही वेळा लाभली. मात्र नाद ऐकल्यावर वरचा रक्तदाब व नाडीचे ठोके काहीसे अधिक उतरले. पुढे 2020 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा पदरात घेण्याजोगे अभ्यास अवघे चार निघाले. परिणाम आशादायक, पण उपचार म्हणून शिफारस करण्यास पुरावा अपुरा, असा त्यांचा निष्कर्ष.

मला सर्वांत उद्बोधक वाटला तो 2006 मधील इटलीतील एक प्रयोग. त्यात 24 माणसांस निरनिराळ्या जातींचे संगीत ऐकविले. त्यात आपले रागसंगीतही होते. द्रुत लयीने श्वास व नाडी वाढते, विलंबित लयीने मंदावते, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. परंतु संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची एक रिकामी जागा ठेवली होती, आणि श्वास, नाडी व रक्तदाब यांत सर्वांत अधिक उतार पडला तो त्या निःशब्द दोन मिनिटांत! प्रयोगारंभीच्या स्वस्थ स्थितीहूनही शरीर तेव्हा अधिक शांत झाले. म्हणजे नादाने मनास एका ठिकाणी गोळा करावे आणि नंतरच्या शांततेने त्यास विसावा द्यावा, असा हा दोघांचा मिळून व्यवहार दिसतो.

हे वाचताना संस्कृतज्ञ वाचकांस हठप्रदीपिकेतील चौथ्या उपदेशाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तेथे नादानुसंधान सांगताना प्रथम समुद्र, मेघ व भेरी यांसारखे मोठे आवाज, मग शंख व घंटा, आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा व भ्रमर यांचे सूक्ष्म ध्वनी, असा क्रम लाविला आहे. स्थूलाकडून सूक्ष्माकडे आणि सूक्ष्माकडून निःशब्दाकडे मनास हात धरून न्यावे, ही त्यातील युक्ती. आपल्या देवगिरीस यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला. त्यात स्वरांचे विवेचन करण्यापूर्वी मनुष्यदेहाची उत्पत्ती व रचना यांस एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. गाणे शरीरातून उठते आणि शरीरावरच उतरते, हे त्या पंडिताने पक्के ओळखले होते. मात्र नादाने अमुक रोग हटतो अशी जाहिरात त्याने केली नाही.

आकड्यांची जादू

जाहिरातीचा विषय निघालाच आहे, तर एका भ्रमाचा समाचार घेतला पाहिजे. 432 किंवा 528 या कंपनसंख्येत काही दैवी शक्ती असून त्या स्वराने शरीराचे कण न् कण सुधारतात, असे आज सर्रास सांगितले जाते. यास शास्त्राचा आधार नाही, आणि साध्या तर्कापुढेही ते टिकत नाही. कंपने मोजतात ती दर सेकंदास. आणि सेकंद ही माणसाने सोयीसाठी केलेली कालाची वाटणी आहे. ती थोडी लहानमोठी केली असती तर तोच स्वर दुसऱ्या आकड्याने ओळखला गेला असता. मग सामर्थ्य स्वरात की आकड्यात? शिवाय आपल्या संगीतात षड्ज स्थिर नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये. एकाच्या बैठकीस आलेले श्रोते निरोगी होऊन परतले आणि दुसऱ्याचे तसेच आजारी राहिले, असे काही कोणाच्या पाहण्यात नाही. नादस्नानाने कर्करोग, मधुमेह अथवा थायरॉइड बरा करून देतो म्हणणाऱ्याच्या सतरंजीवर क्षणभरही पाठ टेकू नये, आणि त्याच्या सांगण्यावरून चालू औषध तर मुळीच सोडू नये.

काही जणांनी विशेष जपावे. ज्यांस अपस्माराचे झटके येतात, कानांत सतत गुणगुण ऐकू येते किंवा मोठा आवाज सोसत नाही, ज्या भगिनी गर्भवती आहेत, ज्यांच्या हृदयाजवळ पेसमेकर बसविला आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे आणि अंगावर वाटी ठेवून वाजवू देऊ नये. थाळ्याचा नाद जवळून कर्कश होऊ शकतो. त्यापासून दूरची जागा धरावी. एखाद्या जुन्या दुःखाने व्याकुळ झालेल्या माणसास डोळे मिटून पडणे उलट अधिक जड जाते. त्याने उठून बाहेर जावयाचे ठरविले तर त्यात लाजण्याचे कारण नाही.

एका भगिनीचे उद्गार

गेल्या मार्गशीर्षात पत्नीसह मी पुण्यात अशा एका वर्गास गेलो होतो. नादाचा अनुभव सुखाचा होता. प्रथम दहा मिनिटे मन इकडेतिकडे धावले, मग थाळ्याच्या एका दीर्घ नादाबरोबर खांदे आपोआप सैल पडले, आणि पुढील काळाचा हिशेब मला देता येणार नाही. परंतु खरी गोष्ट कळली ती समाप्तीनंतर. आमच्या शेजारी पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. उठून बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या पत्नीने पाण्याचा पेला पुढे करून विचारले, "बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "तसं नाही हो काकू. वाट्यांचं मला फारसं कळलं नाही. पण पाऊण तास मला कोणी हाक मारली नाही. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली. असा पाऊण तास मला आठवत नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. एका रविवारी सायंकाळी सहा ते नऊ मी वही-पेन्सिल घेऊन दिवाणखान्यात बसलो आणि आमच्या घरातील हाका मोजल्या. घरात माणसे आठ : आम्ही उभयता, माझी वडील बहीण अक्का, दोन मुलगे, थोरल्याची पत्नी व दोन नातवंडे. तीन तासांत एकंदर 57 हाका झाल्या. त्यांपैकी 38 सूनबाईस, 11 माझ्या पत्नीस, आणि उरलेल्या आठ बाकी सहा माणसांत मिळून. "आई, माझी वही?" "अगं, चार्जर कुठाय?" "वहिनी, चहा होतोय का?" "सूनबाई, माझी जपमाळ बघ गं." निम्म्या हाका अशा वस्तूंसाठी होत्या, की ज्या हाक मारणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर होत्या. सूनबाई आठवडाभर बँकेत नोकरी करितात. त्या रविवारी त्यांनी प्रत्येक हाकेस ओ दिली.

बाहेरच्या गोंगाटासाठी सरकारने 2000 साली नियम केले. वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली. ती पाळली जाते की नाही हा निराळा प्रश्न. निदान मर्यादा तरी आहे. घरातल्या हाकांस मात्र मर्यादाच नाही. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहीत; झोपेतही कान जागाच असतो, आणि ज्या माणसाच्या नावाने घर चालते त्याचा तर अधिकच जागा असतो. अशा माणसाने नादस्नानास जाऊन जे शुल्क भरले, ते नादाचे मूल्य थोडेच आहे? काही न करता पडून राहण्याची परवानगी त्याने विकत घेतली. घरी हीच स्त्री भर सायंकाळी पाऊण तास पडली, तर पहिला प्रश्न येतो, "अंगात ताप आहे का?" आजाराचे निमित्त असल्यावाचून विश्रांती घेता येऊ नये, हे घराचे भूषण नव्हे. एकत्र कुटुंबाचे जे गोडवे आपण गातो, त्यांचे एक माप हेही असावे, की त्या घरात सर्वांत अधिक राबणाऱ्या व्यक्तीस निर्वेध अर्धा तास मिळतो की नाही.

घरचे नादस्नान

म्हणून एक सूचना करितो. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, अर्धा तास घरात नादस्नानाचा राखावा. साधनांसाठी खर्च नको. तंबोरा असल्यास उत्तम. नसल्यास मोबाइलमधील तंबोराही चालेल, मात्र आवाज मंद ठेवून यंत्र दूर ठेवावे व इतर सर्व यंत्रे बंद करून एका डब्यात टाकावीत. अनेक घरांत तळपायांस तूप चोळण्याची काशाची वाटी असते. तिचा तळ तळहातावर ठेवून लाकडी दांडीने कडेवर हलकेच टोल द्यावा; नाद पुरता विरेपर्यंत दुसरा टोल देऊ नये. प्रथम पाच मिनिटे, सोसत असल्यास, भ्रामरी करावी. गुणगुणताना नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या पंधरापट होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2002 मध्ये दाखविले आहे. त्यावरून कोणत्या रोगाचा उपचार सिद्ध होत नाही. पण गुणगुणण्याने उच्छ्वास आपोआप लांबतो, एवढा लाभ ज्याचा त्यास लगेच कळतो. नंतर पंधरा मिनिटे नाद, आणि शेवटची दहा मिनिटे पूर्ण स्तब्धता. ही दहा मिनिटे कधीही कापू नयेत; स्नानाचे सार त्यांतच आहे.

आमच्या घरी हा क्रम चालू होऊन तीन महिने होत आले. फळ किती, ते जसेच्या तसे सांगतो. अक्कांची झोप होती तशीच आहे. त्यांस डॉक्टरांकडे न्यावे लागले, आणि ते योग्यच झाले. पत्नीस पडल्यावर लवकर झोप लागते. नातवंडे प्रथम खुसखुसत; आता धाकटा वाटीचा टोल विरेपर्यंत किती अंक होतात ते मनात मोजतो व मोठ्या अभिमानाने सांगतो. सूनबाई याविषयी काही बोलल्या नाहीत. मात्र पूर्वी रात्री अकरापर्यंत जळणारा स्वयंपाकघरातील दिवा हल्ली साडेनऊला मालवतो, कारण हाका न मारता आपापली वस्तू शोधण्याची सवय त्या अर्ध्या तासाबाहेरही थोडी पसरली आहे.

एक व्यवस्था मात्र आरंभीच करावी, नाहीतर सर्व व्यर्थ. त्या अर्ध्या तासात दार वाजले तर कोणी उघडावे, दूध उतू गेले तर कोणी धावावे, फोन आला तर कोणी घ्यावा, हे नाव घालून लिहून भिंतीवर लावावे. पाहऱ्यावरील माणसास त्या दिवशी स्नान नाही. पाळी सर्वांवर यावी. आणि पहिल्या आठवड्याच्या तिन्ही पाळ्या घरातील कर्त्या पुरुषाने घ्याव्यात.